‘आईला एवढं सांगू नका हं, मॅडम’

‘एवढं’ म्हणजे आजाराचं नाव. हे वाक्य मी समुपदेशनाच्या खोलीत इतक्या वेळा ऐकलंय, की आत येणाऱ्याचा चेहरा बघूनच आता ते ओळखता येतं. कधी आईच्या जागी बाबा असतात, कधी सासूबाई, कधी नवरा. पेशंट बाहेर बाकावर. नातेवाईक एकटाच आत येतो, दार लोटून घेतो आणि आवाज खाली आणून बोलतो. गेल्या पंधरवड्यात तीन घरांनी तेच विचारलं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. दोन-तीन घरांतले तपशील एकत्र केलेत, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. बोलणं बरंचसं कोकणीत झालं होतं, इथे मराठीत आणलंय.

गोव्यात, फोंड्याच्या माझ्या खोलीत त्या दिवशी बहीण-भाऊ आले होते. भाऊ डिचोलीकडचा, ट्रान्सपोर्टचा धंदा. बहीण म्हापशाला दिलेली. आई सदुसष्ट वर्षांची, मी तिला काकीच म्हणते. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात तिच्या स्तनातली गाठ काढली होती. कॅन्सरची होती. घरात हा शब्द कोणी उच्चारायचा नाही असं ठरलेलं. ‘साधी गाठ होती, काढली, संपलं.’ रोजची हार्मोनची गोळी कॅल्शियमची म्हणून द्यायची. आता रेडिएशन द्यायचं होतं. आपल्याकडे त्याला शेक म्हणतात, आणि या पोरांनी त्या शब्दाचा पुरेपूर फायदा घेतला होता. जखम आतून सुकायला शेक देतात, असं आईला सांगून ठेवलेलं.

इथवर सगळं नेहमीचं. घोडं अडलं होतं एका कागदापाशी. मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, की एक अभ्यास चालू आहे, आई त्यात भाग घेतील का? स्तनाच्या ऑपरेशननंतरचा शेक पूर्वी पाच आठवडे चालायचा. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांनी तो तीन आठवड्यांवर आणला, आणि तिथल्याच चार हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीतून २०२० साली दिसलं, की एका आठवड्यात पाच वेळा दिला तरी गुण तेवढाच येतो. यांना विचारलेला अभ्यास त्याच धर्तीचा होता. निम्म्या बायकांना पंधरा दिवस शेक, निम्म्यांना पाच. डिचोलीहून जाऊन डोंबिवलीला नातेवाइकांकडे राहणाऱ्या बाईला पाच आणि पंधरा यांतला फरक कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

“मराठीत सोळा पानं आहेत,” भाऊ म्हणाला. “पहिल्याच पानावर तो शब्द. आणि सही आईचीच पाहिजे म्हणतात, माझी चालत नाही. तशी आम्ही दिलं तर आई न बघता सही करते, पण...”

“पहिलं पान काढून ठेवलं तर?” बहिणीने विचारलं.

मी हसले नाही. तिने ते अगदी मनापासून विचारलं होतं. वरून भावाचं दुसरं टोक होतंच: “आणि आईला प्रयोगाचा उंदीर कशाला करायचं?”

उंदराचं नंतर बघू म्हटलं. “आईला सांगितलं तर काय होईल?”

“खचेल.”

“खचेल म्हणजे करेल काय?”

“रडेल. जेवणार नाही.”

“किती दिवस?”

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मी विचारलं, वडील गेले तेव्हा काय केलं होतं तिने? वडील अपघातात गेले होते, एका सकाळी. बहीण म्हणाली, “रडली. खूप रडली. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी पाडेल्याला, नारळ उतरवणाऱ्याला, बोलावून माड उतरवून घेतले. म्हणाली, नारळ डोक्यावर पडतील पोरांच्या.”

“मग सहन होणार नाही, ते कोणाला?”

भाऊ बराच वेळ टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत राहिला. “मला बघवणार नाही,” तो म्हणाला.

माझी सगळी घडण विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या पद्धतीतली, म्हणजे भावनेमागचा विचार तपासून बघायचा. ‘आवडणार नाही’ आणि ‘सहनच होणार नाही’ या दोन वाक्यांतलं अंतर पेशंटला दाखवणं, हे मी बावीस वर्षं करत आले आहे, आणि खोटा विनय कशाला, ते मला बऱ्यापैकी जमतं. पण इथे ते वाक्य भलत्याच माणसाच्या नावावर चढवलेलं होतं. सहनशक्तीची शंका होती स्वतःची, आणि शिक्का मारला होता आईवर. असं मी इतक्या घरांत पाहिलंय, की आता ‘ती खचेल’ असं कोणी म्हटलं की मी आधी म्हणणाऱ्याकडेच बघते.

पेशंटला बोलवायच्या आधी मी एक अट घालते. खोटं बोलायला मला सांगायचं नाही. या अटीमागे एक जुनी फजिती आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका घराच्या आग्रहाखातर मी ‘डाएटच्या बाई’ म्हणून एका आजोबांसमोर बसले होते. त्यांनी नाचणीच्या आंबिलाची कृती नीट ऐकून घेतली, आणि उठताना विचारलं, “तुमची डिग्री आहाराचीच ना?” त्यांच्या डोळ्यांतली ती दया मी विसरलेले नाही.

काकी आठवड्याने आली. एकटीच आत. कॉटनची साडी, हातात पिशवी, पिशवीत त्या दिवशीचा मराठी पेपर. मी एवढंच विचारलं, “तुम्हाला काय झालंय असं तुम्हाला वाटतं?”

तिने दाराकडे बघितलं, ते नीट लागलंय याची खात्री केली. “म्हाका सगळें खबर आसा, बाय.”

मला सगळं माहीत आहे. कधीपासून? तर तिसऱ्यांदा इसवण, म्हणजे महागडी सुरमई, घरात आली तेव्हापासून. “माझा मुलगा बाजारात बांगडे घेतानाही भावावरून भांडणारा. एका आठवड्यात तीनदा इसवण आणली. तेव्हाच म्हटलं, काहीतरी मोठं आहे.” मग मुंबईच्या त्या रांगेत डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका. आणि ती गोळी. शेजारीण कॅल्शियम घेते, तिची गोळी खडूच्या तुकड्याएवढी. “माझी बघ, एवढीशी,” तिने नखावर माप दाखवलं. “मी काय लहान आहे?”

“मग बोलला का नाहीत?”

“पोरांनी एवढं नाटक उभं केलंय. मध्येच पडदा कसा पाडायचा?”

असं घराघरांत असतं. दोन्ही बाजूंना सगळं ठाऊक, आणि दोन्ही बाजू एकमेकांसाठी भूमिका वठवतायत. यात पेशंटचं सर्वांत मोठं नुकसान होतं ते भीतीचं नाही. त्याला प्रश्न विचारता येत नाहीत. जो आजार आपल्याला झालेलाच नाही, त्याबद्दल विचारायचं कसं? काकीकडे एक प्रश्न चार महिने पडून होता.

“माझ्या धाकटीला होईल का गं हे?”

आणि मग मावशीची गोष्ट निघाली. काकीची मावशी तरुणपणीच गेली होती. पोटात गाठ होती म्हणतात. पोट फुगायचं, पाणी काढायला न्यायचे. नेमकं काय झालं होतं ते मुलांना कोणी सांगितलं नाही, आणि पुढे सांगणारं कोणी राहिलं नाही. काकीला स्वतःची गाठ आंघोळीच्या वेळी हाताला लागली, तरी ती सात महिने गप्प होती. “दुखत नव्हती ना. मावशीला दुखायचं.” दुखत नाही म्हणून घरी बसलेल्या बायका मला नेहमी भेटतात. स्तनाची कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, तीच तिची लबाडी. हाताला नवीन काही लागलं, त्वचेला खळी पडली, बोंडातून रक्ताळ स्राव आला, की दुखण्याची वाट बघायची नाही. दाखवायचं.

मी मुलाने आणलेली फाइल उघडून बघितली. ‘कुटुंबात कोणाला कॅन्सर?’ या प्रश्नापुढे मुलाच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘नाही’. तो खोटं बोलला नव्हता. त्याला मावशीआजीबद्दल काही माहीतच नव्हतं. स्तनाचे आणि पोटातल्या बीजकोशाचे (अंडाशयाचे) काही कॅन्सर एकाच जनुकातल्या दोषामुळे एका घराण्यात फिरतात. सगळे नाहीत, थोडेच. पण ते शोधायचं तर डॉक्टर आधी घराण्याचा इतिहास विचारतात, आणि तो इतिहासच घरोघरी ‘गाठ होती’, ‘पोटाचं काहीतरी’ असा पुसून ठेवलेला. इतकी वर्षं मी लपवाछपवीकडे पेशंटच्या मनाच्या बाजूने बघत होते. त्या दुपारी पहिल्यांदा लक्षात आलं, की एका पिढीने गिळलेला शब्द पुढच्या पिढीच्या तपासणीतून गायब होतो. मी काकीला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मावशीला काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही. माझ्या नातीने असं म्हणायला नको.”

पुढची बैठक चौघांची. ती सविस्तर सांगण्यासारखी नाही. पंधरा मिनिटं रडारड, मग काकीने इसवणीचा विषय काढला आणि मुलगा हसता हसता पुन्हा रडला. त्यानंतर हिशेब निघाले. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं तिकीट माफ असतं, सोबत्यालाही मोठी सवलत असते. त्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रावर आजाराचं नाव असतं, म्हणून हे लोक दर खेपेला कोकणकन्येचे पूर्ण पैसे भरत होते. काकीला हे कळलं तेव्हा तिचा खरा राग बाहेर आला.

आता उंदराचं. भावाला मी टाटा मेमोरियलच्या एका चाचणीबद्दल सांगितलं. दातांचे डॉक्टर वापरतात तेच बधिर करायचं औषध, लिग्नोकेन, ऑपरेशनच्या थोडं आधी स्तनातल्या गाठीभोवती टोचायचं. बस, एवढाच उपाय. देशातल्या अकरा केंद्रांत सोळाशे बायका त्यात होत्या. पाच वर्षांनी बघितलं तर औषध न मिळालेल्यांपैकी शेकडा ८६.४ हयात होत्या, मिळालेल्यांपैकी ९०.१. निकाल २०२३ साली छापून आला. निम्म्या बायकांना ते इंजेक्शन मिळालंच नव्हतं, पण त्या नसत्या तर फरक मोजायचा कशाशी? आणि उंदराला सोळा पानं वाचायला देत नाहीत, वाटेल तेव्हा बाहेर पडायची मुभाही देत नाहीत.

काकीने मात्र पानं चार दिवसांत वाचली, पेन्सिलने खुणा करत. भजनाची वही जशी जपतात तशी प्लास्टिकमध्ये घालून आणली होती. “कोणाला पाच, कोणाला पंधरा, ते कॉम्प्युटर ठरवणार म्हणजे? देवाला प्रसाद लावून कौल घेतात तसं?”

मला हा प्रश्न फार आवडला. मी म्हटलं, जवळपास तसंच, पण एक फरक आहे. प्रसाद लावताना देवाने एक बाजू घ्यावी म्हणून आपण हात जोडतो. इथे कोणीच बाजू घेऊ नये म्हणून कॉम्प्युटर. डॉक्टरने ठरवलं तर तो धडधाकट बायकांना एका गटात घालेल, न कळतसुद्धा.

तिने बाकीचे प्रश्न वहीत लिहून डॉक्टरांसाठी नेले, आणि ज्यांना कोणाला असा कागद पुढे येईल त्यांनीही हेच विचारावं. भाग घेतला नाही तर आत्ताचा उपचार तसाच मिळेल ना? जादा तपासण्यांचा खर्च कोणाचा? काही बिघडलं तर कोण बघणार? नैतिकता समितीची मंजुरी आहे का, आणि क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद आहे का? ही नोंद कोणालाही इंटरनेटवर बघता येते. कोणी या प्रश्नांना वैतागलं तर सही करू नका.

आणि सांगायचं कसं, हे विचारणाऱ्यांसाठी. आधी पेशंटला काय ठाऊक आहे ते विचारा, बहुतेकदा निम्मं काम तिथेच होतं. गाडीत किंवा वॉर्डात सांगू नका. तो शब्द एकदा स्पष्ट उच्चारा, मग गप्प बसा; गप्प बसणं सर्वांत कठीण, म्हणून लोक लगेच ‘काही होत नाही गं’ सुरू करतात. विचारेल तेवढंच सांगा. ‘मला नको सांगू, तूच बघ’ असं म्हणणारेही पेशंट असतात, तो त्यांचा हक्क आहे. पण ते त्यांनी म्हणायला हवं, आपण परस्पर ठरवायचं नाही. शेजारीपाजारी ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतात, त्यांना रक्तपेढीत पाठवा. प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात आणि केमोच्या पेशंटांना त्या सतत लागतात.

काकीने सही केली. कॉम्प्युटरने पंधरा दिवस दिले. मुलगा चिडला, ती नाही. “लागला तो लागला,” म्हणाली, आणि डोंबिवलीत पंधरा दिवस लोकलच्या गर्दीबद्दल कुरकुर करत राहिली.

परत आल्यावर मायलेकी माझ्याकडे आल्या. जनुकांच्या डॉक्टरांनी घराण्याचा तक्ता भरून आणायला सांगितला होता. लेकीची तपासणी झालेली, सध्या काही नव्हतं. ती पेन घेऊन बसली.

“मावशीआजी गेली तेव्हा वय?”

काकी बोटांवर मोजायला लागली. “गोव्याच्या जनमत कौलाच्या वर्षी गेली. म्हणजे सदुसष्ट साली. माझी आई एकोणनव्वदला गेली, बासष्टाव्या वर्षी. मावशी तिच्याहून चार वर्षांनी धाकटी.”

लेकीने ३६ लिहिलं. “कारण? ‘माहीत नाही’ लिहू?”

“नको. पोट फुगलं होतं, दोनदा पाणी काढायला पणजीला नेलं होतं, शेवटी जेवण जात नव्हतं. आहे तेवढं सगळं लिही.”

रकाना पुरेना. लेकीने कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहायला घेतलं.