१४ बाय ९ किलोमीटरचा परिसर १:५०,००० प्रमाणात ए४ कागदावर मावेल का?

थोडक्यात हुकतोय. अवघ्या तीन मिलिमीटरनं.

१:५०,००० म्हणजे नकाशावरच्या १ सेंटिमीटरला जमिनीवरचे ५०० मीटर. मी हिशेबाला नेहमी उलटं धरतो: एका किलोमीटरला कागदावर २ सेंटिमीटर. मग तुमचे १४ किलोमीटर झाले २८ सेंटिमीटर आणि ९ किलोमीटर झाले १८. आडवा ए४ कागद २९.७ बाय २१, तेव्हा वरवर पाहता बसला की! पण साध्या प्रिंटरला कडेपर्यंत छापता येत नाही. चारही बाजूंना एकेक सेंटिमीटर समास सोडा, हातात उरतात २७.७ बाय १९. शिवाय शीर्षक, चिन्हांची सूची, रेषाप्रमाण (नकाशावर किलोमीटर दाखवणारी आखलेली रेघ) कुठे घालणार? नेमकी हीच जागा धरायची राहून जाते.

त्यामुळे आधी कागद घ्या आणि त्यावरून प्रमाण काढा. शीर्षक-सूचीसाठी खाली साडेतीन सेंटिमीटरची पट्टी सोडली तर उंचीला १५.५ उरतात. आता जमिनीचं अंतर सेंटिमीटरमध्ये करून भागायचं. १४,००,००० भागिले २७.७ म्हणजे साधारण ५०,५००. ९,००,००० भागिले १५.५ म्हणजे साधारण ५८,१००. दोन्हींतला मोठा आकडा पाळायचा आणि तोही वरच्याच बाजूला पूर्ण करायचा, खाली आणलात की नकाशा कागदाबाहेर. म्हणजे १:६०,०००. नकाशा होईल सुमारे २३.३ बाय १५, आरामात.

फक्त १:६०,००० ला पट्टीनं मोजणं म्हणजे कटकट. एका किलोमीटरला १.६७ सेंटिमीटर. ए३ मिळत असेल तर मी सरळ १:४०,००० घेईन. किलोमीटरला अडीच सेंटिमीटर, नकाशा ३५ बाय २२.५, आणि समास सोडूनही बाजूला सूचीसाठी ५ सेंटिमीटर उरतात.

छापताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवा, १०० टक्क्यांवरच छापा. नाहीतर प्रिंटर गुपचूप नकाशा आक्रसवतो आणि त्यावर लिहिलेलं १:४०,००० खोटं पडतं. रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबरच आक्रसतं, त्यामुळे ते तेव्हाही बरोबरच असतं. म्हणून ते नकाशावर आखाच. छापून झाल्यावर त्यावरचे ५ किलोमीटर पट्टीनं मोजा. ए३ वर बरोबर साडेबारा सेंटिमीटर भरायला हवेत.