खिडक्या धुण्याच्या व्हॅनमध्ये पाण्याची टाकी किती लिटरची बसवावी?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच इंग्लंडात आला आहात, घरोघरच्या खिडक्या धुण्याचं काम सुरू करायचंय, जुनी बर्लिंगो (सित्रोएनची छोटी व्हॅन) घेतली आहे आणि ६५० लिटरची उभी टाकी वापरलेली, निम्म्या किमतीत मिळतेय. घेऊ का?

व्हॅनमध्ये बसवायला असेल तर नको.

मी रेडिंगच्या आसपास गेली नऊ वर्षं हेच काम करतोय. भारतातून वाचणाऱ्यांना प्रश्न पडेल की खिडकी पुसायला गाडीभर पाणी कशाला, म्हणून आधी तेवढं सांगतो. शिडी लावून फडक्याने काच पुसणारे इथे आता कमी झालेत. हलका, लांबच लांब पोल असतो, त्याच्या टोकाला ब्रश आणि आतून पाण्याची नळी. जमिनीवर उभं राहून वरच्या मजल्याच्या खिडक्या घासायच्या, धुवायच्या आणि तशाच सोडून पुढच्या घरी जायचं. पुसायचं नाहीच. बोअरच्या पाण्याने गाडी धुतली आणि उन्हात तशीच वाळू दिली की काचेवर पांढरे ठिपके पडतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलेत. तसे पडू नयेत म्हणून पाण्यात क्षार शून्य लागतो. आमच्या भागात पाणी चुनखडीच्या थरांतून येतं, नळाखाली टीडीएस मीटर धरला की ३०० च्या आसपास आकडा दिसतो. ते आरओमधून आणि मग उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या रेझिनमधून काढून शून्यावर आणायचं आणि हे तयार पाणी सोबत न्यायचं. त्यासाठी टाकी.

आता तुमचा हिशोब. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो हे शाळेत शिकतो आणि टाकी घेताना नेमकं विसरतो. ६५० लिटर म्हणजे आठ-नऊ धडधाकट माणसं मागे दाटीवाटीने बसवल्यासारखं आहे. गाडीच्या दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली एक छोटी प्लेट असते, तिच्यावर चार आकडे एकाखाली एक असतात. पहिला गाडीचं भरून जास्तीत जास्त वजन, दुसरा ट्रेलरसकट, तिसरा पुढच्या आसाचा, चौथा मागच्या आसाचा. बरेच जण सगळ्यांत मोठा म्हणून दुसरा आकडा धरतात आणि खूश होतात. तुमच्या कामाचा पहिला आणि चौथा.

माहितीपत्रकातल्या पेलोडवर विसंबू नका. जवळच्या सार्वजनिक वजनकाट्यावर जा, टाकी भरून डिझेल घाला, स्वतः आत बसा आणि वजन करून घ्या. थोडे पौंड जातात. माझ्या पहिल्या छोट्या व्हॅनची प्लेट १,९८० किलो म्हणत होती आणि काट्यावर माझ्यासकट भरले १,४१०. म्हणजे उरले ५७०. त्यातून वजा करत जा: टाकी रिकामी आणि तिची पोलादी चौकट मिळून ५०, जादाची बॅटरी २५, शंभर मीटर नळी गुंडाळलेलं रीळ २५, रेझिनचं भरलेलं नळकांडं २०, पंप, पोल, बादल्या, अवजारं मिळून ३०. राहिले ४२०. मदतीला कोणी येणार असेल तर आणखी ८० गेले. म्हणून त्या गाडीत एकटा असतानाही मी ३५० लिटरच्या वर पाणी भरलं नाही. तुमच्या बर्लिंगोचं मॉडेल कोणतं त्यावर आकडे बदलतील, पण ६५० बसण्याची शक्यता फार कमी.

रस्त्यावर डीव्हीएसएवाले (वाहनं तपासणारं इथलं सरकारी खातं) व्हॅन थांबवून वजन करतात, आणि मागचा भाग बसलेली पांढरी व्हॅन त्यांना लांबूनच ओळखू येते. मर्यादेपेक्षा १० टक्क्यांपर्यंत जास्त भरलं तर १०० पौंड, १५ पर्यंत २००, त्यापुढे ३००, आणि ३० टक्क्यांच्या वर गेलं की थेट कोर्ट. टाकी बसवल्याचं विमा कंपनीला कळवलं नसेल तर अपघातानंतर ते हात वर करू शकतात, म्हणून तो फोन आधीच करा.

"पण मग पाणी पुरेल का?" पुरेल. आपल्याकडे टँकरची वाट बघत वाढलेल्या माणसाला टाकी जितकी मोठी तितकं बरं वाटतं, मलाही वाटायचं. पण मोजून बघा. पोलमधून मिनिटाला साधारण दीड लिटर पाणी जातं. तीन बेडरूमच्या जोडघराला नळी चालू असते दहा-बारा मिनिटं, म्हणजे १५ ते १८ लिटर. वर्षानुवर्षं न धुतलेलं घर पहिल्यांदा घेतलं की दुप्पट. दिवसाला पंधरा घरं केलीत, आणि सुरुवातीला तेवढी मिळणारही नाहीत, तरी ३०० च्या आत काम होतं. पाणी संपण्याआधी तुमचे खांदे संपतील.

आता उभी की आडवी, हा माझ्या मते लिटरपेक्षा मोठा प्रश्न आहे आणि तुम्ही तो विचारलाच नाही. उभी टाकी जागा कमी खाते, पण सगळं वजन वर चढवून ठेवते. माझी पहिली टाकी उभीच होती, ४०० लिटरची, आत एकही आडभिंत नाही, आणि मी ती दोन रॅचेट पट्ट्यांनी बांधली होती. विकणाऱ्याने सांगितलं, सगळे असंच बांधतात. दुपारची वेळ, टाकी अर्धी झालेली, एका राउंडअबाउटवर पुढची गाडी एकदम थांबली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, आणि मग पाणी आलं. मागून कोणीतरी खांदा लावून ढकलावं तशी व्हॅन फूटभर पुढे सरकली. वेग जेमतेम वीस मैलांचा होता. मागे जाऊन पाहिलं तर टाकी वीतभर सरकून माझ्या पाठीमागच्या पत्र्याला टेकली होती, पत्र्याला पोक आला होता आणि एका पट्टीची कडी वाकली होती. पूर्ण भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागाच नसते. अर्धी टाकी खरी वाईट, आणि आपल्या कामात टाकी अर्धा दिवस अर्धीच असते.

म्हणून आडवी, बसकी आणि आत बॅफल असलेली घ्या. बॅफल म्हणजे आतल्या भोकांच्या भिंती, त्या लाट मोडतात. टाकी ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पार्टिशनला लागून, मागच्या आसाच्या पुढे येईल अशी बसवा. आसाच्या मागे गेली की गाडीचं नाक उचलतं आणि स्टिअरिंग हलकं लागतं.

बांधणीत कंजुषी नको. तीस मैलांच्या वेगात गाडी आपटून साधारण ६० सेंटिमीटरमध्ये थांबली तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या पंधरापट जोर येतो. ३५० लिटरची टाकी तेव्हा सव्वापाच टन होते, आणि तिच्यापुढे तुमची पाठ असते. पोलादी चौकट हवी, बोल्ट गाडीच्या तळातून आरपार आणि खालून जाड पोलादी प्लेट. नुसत्या वॉशरवर भागवलं तर व्हॅनचा पातळ पत्रा कागदासारखा फाटतो. भोकं पाडण्याआधी गाडीखाली झोपून बघा, डिझेलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या कुठून जातात ते. अपघाताची चाचणी झालेल्या तयार चौकटी मिळतात. महाग वाटतात. मी दुसऱ्या खेपेला तीच घेतली.

बाकीचं भराभर. टाकी काळी घ्या, पांढऱ्या टाकीत उजेड जाऊन शेवाळ धरतं. झाकण हात खांद्यापर्यंत आत जाईल इतकं मोठं हवं, नाहीतर आतून घासणार कशी? सर्वांत खालच्या बिंदूला निचऱ्याची तोटी हवीच. उन्हाळ्यात सुट्टीवर जाताना टाकी रिकामी करा, कारण २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला वाढतो आणि आपण दिवसभर त्याच पाण्याच्या तुषारांत उभे असतो. हिवाळ्यात टाकी सहसा गोठत नाही, फुटतात ते पंप, फिल्टर आणि नळीचे जोड, कारण त्यांत पाणी थोडंसंच असतं. माझा एक पंप जानेवारीत असाच गेला. सकाळी चालू केला तर पंपाच्या डोक्याला केसाएवढी चीर आणि तिच्यातून कारंजं. आता पारा शून्याच्या खाली जाणार असं कळलं की रात्री पंप काढून घरात आणतो. बायको म्हणते, आणखी एक पोर झोपवायला आणलंस.

आणि लोखंडी पिंजऱ्यातली ती १,००० लिटरची चौकोनी टाकी कोणी "फक्त निम्मी भर" म्हणत द्यायला आलं तर हात जोडा.

आता तुमची ती ६५० ची. काळी असेल आणि आधी तिच्यात पाणीच भरत होते याची खात्री असेल तर घेऊन टाका, पण घराच्या मागे, पक्क्या फरशीवर ठेवायला. आरओ रात्रभर थेंबथेंब गाळत राहतो, त्याला साठवायला असंच भांडं लागतं. सकाळी छोट्या पंपाने व्हॅनमध्ये ३५० घ्या आणि निघा. टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह मात्र पहिल्याच दिवशी बसवा. मी आळस केला होता, आणि पहाटे पाचला शेजारच्या आजी ड्रेसिंग गाऊनवर दार वाजवत होत्या, त्यांच्या गुलाबांच्या वाफ्यात तळं झालं म्हणून.