घाट उतरताना ब्रेकचं पेडल तळाला गेलं तर

डिसेंबरात घरच्यांना घेऊन पहिल्यांदाच महाबळेश्वरला निघालायत म्हणून सांगतो. चढताना नव्हे, पसरणी घाट उतरताना जपा. काही वर्षांपूर्वी मी उतारभर ब्रेकवर पाय ठेवून येत होतो. आधी जळका वास आला, मग पेडल थेट तळाला गेलं. मागे आई आणि दोन्ही मुलं. आईनं माझा खांदा इतका घट्ट धरला होता की संध्याकाळीही बोटांचे वळ दिसत होते.

अशा वेळी पेडल भराभर पंप करा, चौथ्यावरून तिसरा, मग दुसरा असा गिअर उतरवा. हॅन्डब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा. झटक्यात ओढला तर मागची चाकं घसरतात. गाडी डोंगराच्या अंगाला ठेवा. इंजिन बंद करू नका, स्टिअरिंग जड होतं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) नवं असताना २०५ अंश सेल्सिअसच्या वर उकळतं, ओलावा धरल्यावर १४० च्या आसपाससुद्धा. उकळून वाफ झाली की पेडल असं तळाला जातं. दर दोन वर्षांनी बदलाच. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल कधीच नको. जळका वास आला की लगेच थांबा, अर्धा तास तरी. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका.