ऑक्सडीएनएमध्ये (डीएनएचं ढोबळ कणांनी सिम्युलेशन करणारा प्रोग्राम) ओरिगामीचा (घड्या घालून आकार दिलेल्या डीएनएचा) रन सुरू होताच पडतो. डीटी (एका पायरीचा वेळ) कमी करू, की सगळे अणू धरून ग्रोमॅक्स या प्रोग्रामकडे वळू?

दोन्ही नको. 'डीटी अजून कमी करून बघा' हा सल्ला जो तो देतो आणि मला तो मुळीच पटत नाही. रन पहिल्याच पायरीला पडतोय, म्हणजे खोट सुरुवातीच्या मांडणीत आहे.

कॅडनॅनो, म्हणजे ओरिगामी आखायचं सॉफ्टवेअर, हेलिक्स जाळीवर सरळ आखतं. बिजागरीने जोडलेले दोन ठोकळे घ्या: एका ठोकळ्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या स्टेपलचे (घड्या धरून ठेवणाऱ्या छोट्या धाग्याचे) लागून असलेले दोन न्यूक्लिओटाइड चित्रात दहा-दहा नॅनोमीटर लांब पडतात. ऑक्सडीएनए-2 मध्ये (मॉडेलची दुसरी आवृत्ती) कण्याची फेन स्प्रिंग (शेजारचे न्यूक्लिओटाइड जोडणारी, मर्यादेपलीकडे न ताणणारी) 0.7564 एककांची, मुभा फक्त 0.25. एकक 0.8518 नॅनोमीटरचं, म्हणजे साधारण 0.86 नॅनोमीटरला ऊर्जा अनंताला भिडते. तिथे डीटी काय करणार?

आधी ऑक्सव्ह्यूमध्ये (रचना पाहायचं आणि बदलायचं साधन) ठोकळे हाताने सरकवून जवळ आणा. मग 'मिन' प्रकारचा (ऊर्जा कमी करत नेणारा) रन, दोनेक हजार पायऱ्या, 'मॅक्स_बॅकबोन_फोर्स' 5 ठेवून; या मर्यादेमुळे ताणलेली स्प्रिंग अनंत जोर लावत नाही. मग तीच मर्यादा ठेवून छोट्या डीटीचा एमडी (कणांच्या हालचालीचा नेहमीचा रन). बेसजोड्यांवर म्युच्युअल ट्रॅप (जोडीला एकत्र ओढून धरणारा कृत्रिम जोर) लावायला विसरू नका, नाहीतर लांबलेले बंध आकसताना जोड्या उसवतात आणि पुन्हा जुळत नाहीत. सगळे बंध आवाक्यात आले की ट्रॅप आणि मर्यादा दोन्ही काढा, डीटी 0.003 करा. ट्रॅप तसेच राहिले तर पुढचे सगळे आकडे कचऱ्यात.

टोपॉलॉजी (कोणता न्यूक्लिओटाइड कोणाला जोडलाय ही फाइल) हाताने लिहिली असेल तर तेही तपासा: जुन्या फॉरमॅटमध्ये क्रम धाग्याच्या 3' टोकाकडून 5' टोकाकडे जातो. उलटा पडला तर रन बिनतक्रार चालतो, फक्त डीएनए भलताच असतो.

चौरस जाळीवरचा पत्रा नंतर पिळलेला दिसला तर घाबरू नका. 32 बेसजोड्यांत 3 वेढे, म्हणजे वेढ्याला 10.67; डीएनएला हवेत 10.5 च्या आसपास. तो पीळ खराच आहे.

राहिला ग्रोमॅक्स. 7249 न्यूक्लिओटाइडचा स्कॅफोल्ड (मुख्य लांब धागा), स्टेपल धरून चौदा हजारांच्या घरात कण. जीपीयूवर निवांत चालतात. तेच पाण्यासकट अणूंत मांडलं तर लाखोंचा हिशोब, आणि बिजागरी एकदा उघडेपर्यंत तुमचा प्रबंध संपेल. 'सगळे अणू म्हणजेच खरं' म्हणणाऱ्यांनी आधी ती उघडून दाखवावी. मात्र मॅग्नेशियमचे आयन नेमके कुठे बसतात हा प्रश्न असेल, तर ते बरोबर आहेत: ऑक्सडीएनए-2 मध्ये मीठ म्हणजे फक्त डिबाय-ह्यूकेल (आयन वेगळे न धरता त्यांचा सरासरी परिणाम धरणारं सूत्र), मॅग्नेशियम वेगळं नाहीच.