पहिली ली-एनफिल्ड रायफल घेतलीस? आधी हे बघ

अभिनंदन रे! कॅनडात आहेस म्हणजे लायसन झालेलंच असणार. पार्ट शोधण्याआधी रायफल नंबर १ मॉडेल आहे की नंबर ४ ते मार्किंगवरून वाच, दोघींचं लाकूड, साइट, मॅगझिन एकमेकींना बसत नाही, मी घाईत चुकीचं फोरएंड (नळीखालचं पुढचं लाकूड) मागवलं ते अजून बेसमेंटमध्ये पडलंय.

- बोल्टचा (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) नंबर रिसीव्हरशी (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा) जुळतो का बघ. दुसरा बोल्ट घातलास तर गनस्मिथकडून हेडस्पेस (बोल्ट बंद केल्यावर काडतुसासाठी उरणारी जागा) मोजून घे, त्याआधी एकही गोळी नाही!
- ईशापूर कारखान्याची २ए१ रायफल दिसते तशीच, पण ती ७.६२ मिमी काडतुसाची, .३०३ नाही.
- लाकूड पॉलिशपेपरने घासू नकोस, शिक्के जातात. कच्चं जवसाचं तेल बोटाने चोळ, बास.

एनसीसी कॅम्पात आम्ही पुलथ्रूला (नळी साफ करायची दोरी) चिंधी लावून याच रायफलच्या नळीतून ओढायचो, हात दिवसभर तेलकट.

फोटो टाक, बोल्ट हँडलच्या मागचा नंबर दिसेल असा.