सर्टिफिकेट हातात, तरी कस्टम्सचं पत्र

अंबड एमआयडीसीतले एक कारखानदार विचारतात: ‘स्विचगिअरसाठी मलेशियाहून तांब्याच्या पट्ट्या आणतो, भारत आणि आग्नेय आशियाई देशांमधल्या आसियान करारातली ड्युटीची सवलत घेतो. आता न्हावा शेवा कस्टम्सने पट्ट्या मलेशियाच्याच कशावरून, अशी माहिती मागवली आहे. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कुठल्या देशाचा याचा दाखला, जोडलेलं असताना हे का? पुरवठादार तर कॉस्टिंग, म्हणजे खर्चाचा तपशील, द्यायला तयार नाही.’

कस्टम्सला तसा अधिकार आहे. कस्टम्स कायद्याच्या कलम २८डीए प्रमाणे नुसतं सर्टिफिकेट दाखवून आयातदार मोकळा होत नाही. माल त्या देशाचा कसा ठरतो याची माहिती त्याने स्वतःजवळ ठेवायची, तीही पाच वर्षं. २१ सप्टेंबर २०२० पासूनच्या नियमांत उत्तराला कामकाजाचे दहा दिवस आहेत. एजंटवर सोडून देऊ नका, दिवस मोजायला लागा.

तुमची खरी अडचण धातूत आहे. कराराच्या सर्वसाधारण नियमात दोन अटी एकदम पाळाव्या लागतात: कच्च्या मालापासून तयार माल होताना टॅरिफचं उपशीर्षक (ड्युटीच्या यादीतला मालाचा क्रमांक) बदललं पाहिजे आणि किमान ३५ टक्के मूल्य करारातल्या देशांतलं (आसियान देश आणि भारत) हवं. पहिली सहज पुरी होते. कॅथोड, म्हणजे पट्टीचा कच्चा माल असलेलं शुद्ध तांबं, ७४०३ मध्ये, पट्टी ७४०९ मध्ये. दुसरीत माणसं अडकतात. पट्टीच्या किमतीत बहुतेक वाटा तांब्याचाच, त्यामुळे कॅथोड कराराबाहेरच्या चिलीचा असेल तर नुसतं रोलिंग आणि कटिंग करून ३५ टक्के गाठणं फार अवघड. तोच कॅथोड इंडोनेशियातला किंवा आपल्याकडचा असेल आणि त्याचं मूळ कागदावर दाखवता आलं, तर तो हिशोबात धरता येतो. म्हणून आजच पुरवठादाराला एकच विचारा: कॅथोड कुठला?

कॉस्टिंग तो तुम्हाला न देवो. पडताळणी निघाली तर त्याच्या देशात सर्टिफिकेट देणाऱ्या कार्यालयाकडे त्याला ते द्यावंच लागेल, हे त्याला स्पष्ट लिहा. उत्पादनप्रक्रिया आणि कच्च्या मालाचं मूळ तरी लेखी घ्या. तुमचं उत्तर अपुरं वाटलं तर प्रकरण मलेशियाकडे पडताळणीला जातं. तोवर नव्या मालावरची सवलत थांबवून फरकाच्या रकमेइतकं तारण मागितलं जाऊ शकतं. छोट्या युनिटचं खेळतं भांडवल त्यातच अडकतं, याची मला जास्त काळजी वाटते.

हिशोब बसतच नसेल तर ओढूनताणून बसवू नका. कारणे दाखवा नोटीस येण्याआधी सवलतीचा दावा सोडून फरकाची ड्युटी व्याजासह भरा. चूक प्रामाणिक असेल तर दंड टळतो. माहिती दडवल्याचं ठरलं तर पाच वर्षांपर्यंतची वसुली लागते.

पुढच्या परचेस ऑर्डरमध्ये कॅथोडच्या मुळाचा कागद देण्याची अट घाला, आणि तो हाती आल्याशिवाय बिल ऑफ एंट्रीत (आयातीसाठी कस्टम्सकडे भरायच्या कागदात) सवलत मागू नका.