मालक इतका गडगंज, तरी क्लब घरचीच पोरं का विकतो? आणि पुण्यात बसून निष्ठा ठेवायची तरी कुणाशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बालेवाडीत एफसी पुणे सिटीसाठी घसा कोरडा केलात, २०१९ मध्ये तो क्लब गुंडाळला गेला. मग इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला न्यूकॅसल युनायटेड धरलात. तिथे सौदी सरकारचा गुंतवणूक निधी मालक, तरी २०२४ मध्ये एलियट अँडरसन विकला, २०२५ मध्ये स्ट्रायकर अलेक्झांडर इसाक गेला, आणि दर वेळी क्लब म्हणतो, "नियमांपुढे इलाज नाही." ही थाप आहे का?

थाप नाही, पण अर्धीच गोष्ट सांगितली जाते. उरलेली अर्धी हिशेबाच्या वहीत असते आणि ती वही कुणालाही फुकट वाचता येते. ती कशी वाचायची ते खाली येईलच. आधी अँडरसन, कारण सगळी मेख तिथे आहे.

क्लबने खेळाडू विकत घेतला की ती रक्कम त्याच वर्षी खर्चात पडत नाही. कराराच्या वर्षांत ती समान वाटली जाते, यंत्राचा घसारा लावतात तशी. २०२२ मध्ये इसाकला न्यूकॅसलने सुमारे ६ कोटी पौंडांना घेतलं, करार सहा वर्षांचा. म्हणजे वर्षाला १ कोटी खर्च. तीन वर्षांनी वहीत त्याची किंमत उरली ३ कोटी. १ सप्टेंबर २०२५ ला लिव्हरपूलने १२.५ कोटी मोजले, म्हणजे न्यूकॅसलच्या वहीत नफा साधारण ९.५ कोटी.

आता अकादमीतला पोरगा घ्या. अँडरसन आठ वर्षांचा असल्यापासून न्यूकॅसलकडे होता. त्याच्यासाठी कुणालाच पैसे मोजले नव्हते, त्यामुळे वहीत किंमत शून्य. नॉटिंगहॅम फॉरेस्टला तो सुमारे ३.५ कोटींना गेला आणि सगळेच्या सगळे ३.५ कोटी नफा झाले. तेवढीच रक्कम देऊन घेतलेला आणि तेवढ्यालाच विकलेला खेळाडू इतका नफा देऊच शकत नाही. म्हणून हिशेब जुळवायची वेळ आली की पहिली नजर जाते ती घरच्या पोरावर. ज्याच्या नावाची गाणी गॅलरीत सगळ्यात मोठ्याने म्हटली जातात, तोच वहीत विकायला सगळ्यात फायद्याचा. चेल्सीचे मेसन माउंट आणि कॉनर गॅलाघर याच वाटेने गेले.

तारखा बघितल्यात तर चित्र आणखी स्पष्ट होतं. न्यूकॅसलचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. २०२४ च्या जूनअखेरच अँडरसन फॉरेस्टला आणि यान्कुबा मिन्टे सुमारे ३ कोटींना ब्रायटनला गेला. त्याच सुमारास फॉरेस्टचा गोलरक्षक व्लाखोदिमोस सुमारे २ कोटींना न्यूकॅसलकडे आला आणि नंतर मैदानावर जवळपास दिसलाच नाही. अशा व्यवहारांत विकणारा पूर्ण नफा याच वर्षी दाखवतो आणि घेणारा खर्च पाच वर्षांवर ढकलतो. दोन क्लबांनी एकमेकांना ३.५ कोटींचा एकेक घरचा खेळाडू विकला, तर खिशातून दमडीही न जाता दोघांच्या वहीत यंदा ३.५ कोटींचा नफा आणि फक्त ७० लाखांचा खर्च दिसतो. हे बेकायदा नाही. पण पुढची चार वर्षं ते ७० लाख मानगुटीवर बसतात, आणि ते भरायला पुन्हा कुणीतरी विकावा लागतो. इसाकच्या ९.५ कोटींचंही तेच. त्याच उन्हाळ्यात सुमारे साडेसहा कोटींना घेतलेल्या नव्या स्ट्रायकर वोल्टेमाडेचा खर्च पाच वर्षांत वाटला तर वर्षाला १.३ कोटी होतो. अशी तीन-चार खरेदी त्या नफ्यावर या वर्षी आरामात बसते. पुढच्या वर्षी नफा नसतो, खर्च मात्र तसाच असतो.

मग मालक स्वतःच्या खिशातून का भरत नाही? भरू शकतो, पण मर्यादेपर्यंतच. प्रीमियर लीगच्या २०२५-२६ पर्यंतच्या नियमानुसार तीन हंगामांचा मिळून तोटा १०.५ कोटी पौंडांच्या वर जाता कामा नये. त्यातले ९ कोटी मालकाने भांडवल घालून भरून काढायचे असतात. तसं भांडवल घातलं नाही तर मर्यादा फक्त १.५ कोटी. यात एक खाच आहे आणि चाहते नेमके तिथेच फसतात: अकादमी, महिला संघ, मैदानाचं बांधकाम, समाजकार्य हे खर्च या हिशेबातून वगळले जातात. न्यूकॅसलचे जाहीर तोटे होते २०२१-२२ मध्ये ७.०७ कोटी, २०२२-२३ मध्ये ७.३४ कोटी आणि २०२३-२४ मध्ये १.११ कोटी. बेरीज १५.५२ कोटी, तरी गुण कापले गेले नाहीत. बातमीत आलेला तोटा आणि नियमाचा तोटा हे दोन वेगळे आकडे आहेत. एव्हर्टनचा मात्र नियमाचा आकडाच १२.४५ कोटी निघाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांचे १० गुण कापले, अपिलात ते ६ झाले, आणि पुढच्या मुदतीच्या हिशेबासाठी आणखी २ गेले.

खरी कोंडी उत्पन्नाची आहे. २०२३-२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडला जाहिराती, प्रायोजक आणि विक्रीतून ३० कोटींच्या वर मिळाले. न्यूकॅसलला साधारण ८.४ कोटी. हा फरक सौदी मालकाने स्वतःच्याच कंपन्यांचे फुगवलेले करार लावून भरायचा म्हटलं तर मालकाशी संबंधित करार वाजवी बाजारभावातच असावेत, असाही नियम आहे. त्यामुळे "आमचा मालक जगातला सगळ्यात श्रीमंत" हे वाक्य खेळाडूंच्या बाजारात फारसं कामाला येत नाही. जुन्या मोठ्या क्लबांना ही व्यवस्था सोयीची आहे, हा आरोप मला पटतो. पण खर्चाला लगाम नसला तर काय होतं हेही पाहिलेलं आहे: बरी एफसी हा इंग्लंडच्या खालच्या लीगमधला शतकाहून जुना क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून बाहेर फेकला गेला.

पळवाटा अर्थातच आहेत. चेल्सीने स्वतःची दोन हॉटेलं स्वतःच्याच भगिनी कंपनीला ७.६५ कोटींना विकून नफा दाखवला. प्रीमियर लीगने ते चालवून घेतलं, युरोपची फुटबॉल संघटना यूएफाने असा नफा धरला नाही. २०२६-२७ पासूनचा प्रीमियर लीगचा नियम तोट्याऐवजी संघखर्चाचं प्रमाण पाहतो: पगार, घसारा आणि एजंटांचं कमिशन मिळून उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांपर्यंत. युरोपात खेळणाऱ्यांना यूएफाची ७० टक्क्यांची अट आहेच. खेळाडू विकून झालेला नफा नव्या पद्धतीतही जमेत धरला जातो, त्यामुळे घरची पोरं विकण्याचा मोह संपणार नाही.

आता वही. ब्रिटनच्या कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर क्लबचं नाव टाका. तीन-चार कंपन्या दिसतील. ज्या मुख्य कंपनीने 'ग्रुप अकाउंट्स' दाखल केलेत ती उघडा, मग 'फाइलिंग हिस्टरी'तली पीडीएफ. वर्ष ३० जूनला संपत असेल तर खासगी कंपनीला नऊ महिन्यांची मुदत असते, म्हणून मार्चअखेरच्या आठवड्यांत हे कागद येतात. पहिली काही पानं स्तुतिपाठ असतो, सोडून द्या. थेट मागच्या टिपांवर जा.

'टर्नओव्हर'च्या टिपेत सामन्याचं, टीव्हीचं आणि व्यापारी उत्पन्न वेगळं दिलेलं असतं. 'स्टाफ कॉस्ट्स'ला एकूण उत्पन्नाने भागा. उत्तर ७० टक्क्यांच्या पुढे गेलं की काळजी करायची, ९० च्या पुढे गेलं की विक्री ठरलेली. मग 'प्रॉफिट ऑन डिस्पोजल ऑफ प्लेयर रजिस्ट्रेशन्स', म्हणजे खेळाडू विकून झालेला नफा, ही ओळ शोधा आणि ती काढून टाकून तोटा किती राहतो ते बघा. दर वर्षीचा खड्डा तेवढा. देण्यांच्या टिपेत इतर क्लबांना द्यायचे हप्ते असतात. ते फुगत चालले असतील तर आजचा संघ उधारीवर उभा आहे. 'गोइंग कन्सर्न' हा परिच्छेद दोनदा वाचा, मालकाने पैसे द्यायचं लेखी आश्वासन दिलंय की नाही ते तिथे कळतं. आणि शेवटच्या 'ताळेबंदानंतरच्या घडामोडी' बघितल्यात तर ३० जूननंतर कोण विकला, किती जमले, हेही सापडतं.

इसाकवरचा तुमचा राग समजतो. संघाबरोबर सरावाला न येणं, क्लबने शब्द मोडला म्हणून जाहीर लिहिणं, हे कुणालाच शोभलं नाही. पण त्याच्या करारात तीन वर्षं शिल्लक होती म्हणूनच १२.५ कोटी मिळाले. एकच वर्ष उरलं असतं तर किंमत कोसळली असती, आणि करार संपल्यावर फुकट गेला असता. लाडक्या खेळाडूची निष्ठा मोजायची तर जर्सीवरच्या बिल्ल्याला त्याने किती मुके दिले ते मोजू नका, नव्या करारावर सही कधी केली ते बघा.

पुण्याचं दुखणं मात्र वेगळं. इथे नियमांनी कुणाला अडवलं नाही, इथे नियमच तोकडे होते. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५ मध्ये बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एक हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये थांबला. एफसी पुणे सिटी २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीत गेला आणि पुढच्या हंगामानंतर संपला. त्याच काळात मालक वाधवानांची गृहकर्ज कंपनी डीएचएफएल देणी चुकवू शकत नव्हती. इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) ती जागा हैदराबादला गेली. हैदराबादने २०२१-२२ चं विजेतेपद मिळवलं, मग तिथेही पगार थकले, आणि २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला हलला. पुणे सिटीच्या चाहत्यांनी, ऑरेंज आर्मीने, ज्यासाठी ढोल बडवले, ती जागा आता तिसऱ्या शहरात आहे.

चारही क्लबांत एक गोष्ट सारखी: तिकिटं, टीव्ही, प्रायोजक यांतून खर्च निघत नव्हता आणि उरलेला खड्डा एकाच उद्योगसमूहाच्या खिशातून भरला जात होता. समूहाचं मन विटलं किंवा हात आखडला की क्लब गेला. इंग्लंडमध्ये २०२५ च्या कायद्याने स्वतंत्र नियामक आणला. मैदान विकायचं किंवा गाव सोडायचं तर त्याची परवानगी लागते. विम्बल्डनचा क्लब चाहत्यांना न जुमानता मिल्टन कीन्सला नेला, त्या प्रकरणाची ही उशिराची भरपाई. आपल्याकडे तसं काही नाही.

म्हणून भारतीय क्लबाला जीव लावण्याआधी तीन ठिकाणी डोकवा. एक, मालकाच्या मूळ धंद्याच्या बातम्या. क्लबच्या बातम्यांपेक्षा त्या आधी खरं सांगतात. दोन, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर किरकोळ शुल्क भरून क्लबच्या कंपनीचा ताळेबंद बघता येतो. दोन-दोन वर्षं दाखलच झाला नसेल तर तेच उत्तर समजा. तीन, फिफाची खेळाडू-नोंदणी बंदीची यादी, ती जाहीर असते. फिफाच्या नियमानुसार दोन महिन्यांचे पगार थकले की खेळाडू पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन करार मोडू शकतो. हंगामाच्या मध्यात परदेशी खेळाडू 'वैयक्तिक कारणाने' घरी जायला लागले की ही नोटीस आठवा.

तुमच्या पैशांबद्दल. टीव्हीचं वर्गणीशुल्क न्यूकॅसलला जातं असं समजू नका. प्रीमियर लीगचे परदेशी प्रक्षेपणाचे पैसे २०१९ पर्यंत वीसही क्लबांत समान वाटले जात, त्यानंतर फक्त वाढीव भाग क्रमवारीनुसार. म्हणजे कोथरूडमध्ये बसून तुम्ही बोर्नमथलाही पोसताय. अस्सल जर्सीतूनही क्लबला छोटाच वाटा मिळतो, बाकी कंपनी आणि दुकानदार. फॅशन स्ट्रीटवरच्या कॉपीतून काहीच नाही, पण ती घातल्याने निष्ठा कमी होते असं मानणाऱ्यांशी वाद घालत बसू नका.

ज्या क्लबमध्ये तुमच्या पैशाला आवाज असेल असा क्लब हवा असेल तर तो पुण्यातच आहे. जिल्हा संघटनेच्या लीगमध्ये खेळणारे खडकी, कॅम्प, डेक्कन भागातले जुने क्लब बघा. त्यातले अनेक सोसायटी किंवा सार्वजनिक न्यास म्हणून नोंदवलेले असतात, म्हणजे वार्षिक ऑडिट धर्मादाय आयुक्तांकडे द्यावं लागतं आणि सभासदाला हिशेब मागता येतो. सभासद होण्याआधी नोंदणी क्रमांक विचारा, मागच्या वर्षीचं ऑडिट दाखवायला सांगा, आणि मैदानाचं भाडं, पंचांचं मानधन, नोंदणी शुल्क हे कोण भरतं ते विचारा. "एक साहेब देतात सगळं" असं उत्तर आलं तर पुन्हा तीच गोष्ट, फक्त आकडे लहान. वर्गणी आणि दोन-तीन छोटे प्रायोजक मिळून निम्म्याहून जास्त निघत असेल तर जरूर सामील व्हा. वार्षिक सभेची नोटीस आली की ऑडिटची प्रत आठवडाभर आधी मागून घ्या. ती सभेत चहाबरोबर वाटतात आणि कुणाचंच वाचून होत नाही.